आहेस्कूल

जुना संगणक तापू लागला की त्याच्या पाठच्या जाळीतून एक वास येतो. कोरड्या तव्यावर ज्वारीचं पीठ सांडून करपावं आणि त्याच वेळी कुणीतरी डांबरगोळ्या ठेवलेली ट्रंक उघडावी, तसा काहीसा. माघातल्या त्या दुपारी, आतल्या खोलीच्या खिडकीतून उन्हाची एक तिरकी पट्टी टेबलावर उतरलेली असताना, मी त्या पेटाऱ्यावरचं भरतकामाचं मळकं आच्छादन ओढलं, बटण दाबलं, आतला पंखा दोनदा खोकला, तिसऱ्यांदा घरघरला आणि तो वास आला. काळ्या पडद्यावर अक्षरं उमटायच्या आधीच मी तीसेक वर्षं मागे जाऊन पोचले होते, आणि तिथे, याच टेबलापाशी, ती बाई बसलेली होती.

त्या बाईला मी चांगली ओळखते, पण आमचं फारसं पटत नाही. मास्तरांची मुलगी, नेसण चापून-चोपून, भांग सरळ, जिभेवर व्याकरण आणि नाकावर चष्म्याहून जड असा शुद्धतेचा अभिमान. नवी पेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर तिचा टंकलेखनाचा वर्ग होता. यंत्रांचा खडखडाट आणि खालून जिन्याने चढून येणारा कोऱ्या कापडाच्या खळीचा वास यांच्या मधोमध उभी राहून ती मुलींना ऱ्हस्व-दीर्घाचे धडे देई. भाजीवाल्याने ‘पानी’ म्हटलं की ही आधी ‘पाणी’ म्हणून दाखवायची आणि मगच कोथिंबिरीला हात लावायची. तो भाजीवाला तिच्या जुडीतून मुद्दाम चार काड्या काढून घेतो, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं, तिला सोडून. तर ती बाई म्हणजे मी. आपल्याच तरुणपणाला हसू नये, असं म्हणतात. पण या वयात दात शाबूत नाहीत, गोड वर्ज्य आहे, तेव्हा एवढी एक करमणूक तरी माझी मला असू द्यावी.

त्या दुपारी पेटारा उघडायला निमित्त झालं एका पत्रिकेचं. जेऊरला माझ्या नणंदेचं, वत्सलावन्संचं, सहस्रचंद्रदर्शन ठरलं होतं. हळदीच्या बोटांचे डाग पडलेल्या त्या पत्रिकेच्या तळाशी, सगळ्याच पत्रिकांच्या तळाशी असते तशी, एक ओळ होती: ‘कृपया आहेर आणू नये.’ ती वाचून पत्रिका मी देवाजवळ ठेवते न ठेवते तोच वन्संचा फोन आला.

“वैनी, पत्रिका घावली न्हवं? आहेर आनू नगा. पर एक आना. आईचं ते लिवल्यालं हाय न्हवं तुमच्या त्या डब्यात?”

“आहे की, वन्सं.”

“मग त्यातलं आईचं जेवढं उरलं आसंल, तेवढं वाचून दावा. माजं डोळं गेलं आता, पर कान हायत.”

जेवढं उरलं आसंल. फोन ठेवल्यावर ते तीन शब्द किती तरी वेळ कानात कुसळासारखे राहिले. वन्सं टोचून बोलणाऱ्या नव्हेत. त्या फक्त खरं बोलतात, आणि ते जास्त टोचतं. सोहळ्याला आठ दिवस होते. डब्यात सासूबाई होत्या, आणि त्यांना तिथून कागदावर कसं आणायचं, हे मला ठाऊक नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. सासूबाईंचं सगळं आयुष्य जेऊरच्या शिवारात, मेंढरं आणि ज्वारी यांच्यात गेलं. सोलापूरला त्या यायच्या ते कुणाच्या लग्नाला, आणि हळद उतरायच्या आत परत जायच्या. पण एका उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि वैद्यकीय आज्ञेने त्या तीन महिने माझ्या तावडीत सापडल्या. सोलापूरचा वैशाख, खिडक्यांना लावलेले वाळ्याचे पडदे दर तासाला भिजवायचे, मग त्यांतून गाळून येणारा तो मृद्गंधी, हिरवट अंधार खोलीभर पसरायचा, आणि त्या अंधारात काळा चष्मा लावून भिंतीला टेकून बसलेल्या सासूबाई, हाताला काम नाही म्हणून, बोलत राहायच्या. मी वर्गासाठी नवा घेतलेला संगणक घरी आणून ठेवला होता. बोटं शिवशिवत होती. त्या बोलायच्या आणि मी उतरवून घ्यायचे. माझ्या बोटांना ऐकलेलं तसंच्या तसं उमटवण्याची सवय. अर्थ डोक्यात शिरायच्या आत अक्षर पडद्यावर हजर. त्या ‘व्हतं’ म्हणाल्या की बोटं ‘व्हतं’ लिहायची, ‘लई’ म्हणाल्या की ‘लई’. मनात म्हणायचे, आत्ता असू दे, मग शुद्ध करू.

कसं बोलायच्या त्या! दुष्काळाविषयी सांगताना आवाज इतका कोरडा व्हायचा की मला पाणी प्यावंसं वाटायचं. “मानूस मेलं तर रडाय येतं, मेंढरू मेलं तर रडाय बी येळ न्हाय, कारन दुसरं पाय घासत आसतंय.” असं एखादं वाक्य टाकून त्या गप्प व्हायच्या, आणि त्या गप्प बसण्यात पंख्याची घरघर आणि वाळ्यावरून ठिबकणारं पाणी तेवढं ऐकू यायचं. आज वाटतं, त्या क्षणी उठून मी त्यांचे हात हातात घ्यायला हवे होते. त्या बाईने काय केलं? तिने मनातल्या मनात ‘कारन’मधला न बाणाचा करून घेतला.

उन्हाळा सरता सरता वीस-बावीस पानं झाली, आणि मी शुद्धीकरणाला बसले. आधी अर्थातच प्रस्तावना लिहिली. अडीच पानांची होती, आणि तिचं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे, जसा लहानपणचा मार पाठ असतो: ‘ग्रामीण संस्कृती ही आपल्या अस्मितेची अखंड वाहणारी गंगोत्री आहे.’ गंगोत्री वाहत नसते, वाहते ती गंगा, ही गोष्ट शुद्धलेखनाच्या नियमांत येत नसल्यामुळे माझ्या लक्षात आली नाही. मग मजकुराकडे वळले. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक जादू होती: एक शब्द सांगायचा, त्याच्या जागी दुसरा सांगायचा, आणि यंत्र साऱ्या मजकुरात हिंडून पहिल्याला उठवून दुसऱ्याला बसवून यायचं. मी सर्वांत जास्त डोळ्यांत सलणारा शब्द निवडला: ‘हाय’. त्याच्या जागी: ‘आहे’. सगळीकडे बदलू का, यंत्राने विचारलं. बदल, मी म्हटलं. दोन मिनिटं ते विचारात पडलं, एक लाल दिवा लुकलुकला, आणि पडद्यावर ‘मेंढरं हायत’चं ‘मेंढरं आहेत’ झालेलं पाहून मी लहान मुलीसारखी टाळी वाजवली. गंगेत घोडं न्हालं, असं वाटलं. उरलेले शब्द उद्या, असं ठरवून मी पहिली चार पानं छापली; पत्र्यावर शिलाई मारावी तसा कर्णकर्कश आवाज करत जुन्या प्रिंटरने ती एकेक ओळ करत बाहेर ढकलली, आणि शेजारच्या घरातलं तान्हं मूल जागं झालं.

दुसऱ्याच दिवशी वन्सं आईला जेऊरला न्यायला आल्या. पिशवी भरून झाली होती, रेल्वेला वेळ होता, तेव्हा मी दोघींना समोर बसवून ती पानं वाचून दाखवली. अस्मिता, गंगोत्री, मातीचा चिरंतन सुगंध, मग सासूबाईंच्या बालपणाच्या दहा-बारा ओळी, त्याही माझ्या आवाजात, चौथीच्या वर्गाला धडा वाचून दाखवावा तशा. सासूबाईंनी काळा चष्मा सारखा केला.

“चांगलं हाय की,” त्या म्हणाल्या. “पर कुनाचं हाय गं ह्ये?”

मला वाटलं, ही दाद आहे. साहित्य व्यक्तीच्या पलीकडे जातं ते असं, असं काहीसं माझ्या मनात आलं; तसं मी कुणाला तरी सांगितलंही, देव मला क्षमा करो. वन्संनी मात्र पानं हातात घेतली. सातवीपर्यंत शिकलेल्या त्या. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत त्यांनी पहिलं पान वाचलं, आणि मग ती चारही पानं नीट जुळवून माझ्या मांडीवर परत ठेवली. “वैनी, ह्यात आई न्हाय.”

झालं. ती बाई रुसली. ज्यांना साहित्याची जाण नाही त्यांच्यासाठी आपण उन्हाळा जाळला, असं म्हणून तिने ते काम तिथेच मिटवलं. उरलेले शब्द शुद्ध केले नाहीत, पुढची पानं छापली नाहीत, वाचलीसुद्धा नाहीत. पुढे दोन वर्षांनी सासूबाई गेल्या. वर्गात नवे संगणक आले, वर्गही बंद झाला, हे गेले, घरात सुना आल्या, नाती आल्या. वन्सं आणि मी संक्रांतीला तिळगूळ, उन्हाळ्यात पापड, दिवाळीत साड्या यांची देवाणघेवाण करत राहिलो, पण ते एक वाक्य आमच्या मधोमध, न उचललेल्या ताटासारखं, तसंच पडून होतं.

आता ते ताट उचलायचं होतं; जुना प्रिंटर केव्हाच भंगारात गेला होता, आणि उचलणारा प्रिंटर होता नातीने मागच्या दिवाळीत दिलेला. पांढराशुभ्र, सोज्वळ, आवाज न करणारा. त्याला वायर लागत नाही, तो हवेतूनच समजून घेतो, असं ती म्हणाली होती. माझ्या जुन्या पेटाऱ्याला हवेतलं काही कळत नव्हतं. त्याच्या पाठीला पंचवीस भोकांचं, तळहाताएवढं रुंद एक तोंड होतं, आणि या नव्याला बोटाच्या नखाएवढं. मी बाजारातून एक वायर आणली, एका टोकाला रुंद, दुसऱ्याला चिंचोळी; दोघांची गाठ घालून दिली, आणि छापायचा हुकूम सोडला. पेटारा म्हणाला, प्रिंटर सापडत नाही. प्रिंटर तर दोन विती अंतरावर होता. इतक्या जवळचं माणूस न सापडणं मला नवं नव्हतं, म्हणून मी चिडले नाही. दुसऱ्या दिवशी पेटाऱ्याला जुन्या चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, रिक्षात बसले. रिक्षावाला म्हणाला, “आज्जी, टीव्ही बिघडला का?” मी म्हटलं, “सासूबाई आहेत.” नवी पेठेपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही.

नवी पेठेत, माझा वर्ग होता त्याच्या समोरच्या गल्लीत, शकीलाचं झेरॉक्स आणि छपाईचं दुकान आहे. माझ्या वर्गातली सर्वांत वेगवान बोटं तिची. आता त्या बोटांना मेंदी लागते ती केसांना लावताना. तिने वायर उलटसुलट करून पाहिली आणि कपाळाला हात लावला.

“बाई, ही एकतर्फी वायर आहे ओ.”

“म्हणजे?”

“म्हणजे नवा कंप्युटर हिच्यातून जुन्या प्रिंटरशी बोलतो. जुना कंप्युटर नव्या प्रिंटरशी नाही बोलत.”

“मग जुन्याने काय करायचं?”

“चूप बैठना, और क्या!” शकीला म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू आवरेना.

पण शिष्या माझी, हार मानणारी नव्हे. तिने पेटाऱ्याचं पोट उघडलं, आतली तबकडी काढली, त्यातलं सगळं आपल्या संगणकावर उतरवलं, आणि मग एक असा प्रोग्रॅम लावला जो नव्या संगणकाच्या पोटात बसून जुन्या संगणकाचं सोंग घेतो. पडद्याच्या एका कोपऱ्यात काळी चौकट उघडली, आणि तिच्यात ती जुनी हिरवट अक्षरं, ती जुनी लुकलुक, अगदी कालच्यासारखी. माझी बोटं न विचारता पुढे सरसावली; कोणत्या कळांनी मजकूर उघडतो हे मला सांगता आलं नसतं, पण बोटांना ठाऊक होतं, जसं अंधारात घराच्या पायऱ्या पायांना ठाऊक असतात. मग छापायला गेलो, आणि दुकानातल्या नव्या प्रिंटरने एकामागून एक कागद थुंकायला सुरुवात केली. प्रत्येकाच्या माथ्यावर एकच ओळ, त्यात कंस, चौकोन, इंग्रजी अक्षरं, उलटी उद्गारचिन्हं. पाऊण गठ्ठा संपला तेव्हा शकीलाने त्याची वायर उपटली. तिने मला समजावलं ते असं, की जुनं सॉफ्टवेअर प्रिंटरला अक्षर सांगतच नाही, ते सांगतं, इथे सुई मार, आता इथे मार, आता इथे, एकेक टिंब. जुना प्रिंटर निमूट टिंबं मारायचा आणि त्यांचं अक्षर व्हायचं. हा नवा, शहाणा, त्या टिंबांच्या हुकुमांनाच अक्षरं समजून छापत सुटला होता. ऐकलेल्याचा अर्थ आपल्या मनाने लावायचा आणि मग मोठ्या आत्मविश्वासाने भलतंच लिहायचं. मला त्या प्रिंटरविषयी एकदम आपुलकी वाटली.

त्यावर तोडगा म्हणजे दुसरं सोंग. जुन्या प्रिंटरचं सोंग घेणारा आणखी एक प्रोग्रॅम मधे बसवायचा, त्याने ती टिंबं झेलायची, त्यांचं पानभर चित्र करायचं, आणि ते चित्र नव्याच्या हाती द्यायचं. शकीलाला तो मिळायला आणि जुळायला आणखी तीन दिवस लागले. सोहळ्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, कलत्या उन्हात, समोरच्या दुकानांतल्या साड्यांवर बाहेर दिवे लागायच्या आधीचा तो सोनेरी, धुळकट प्रकाश पडलेला असताना, पहिलं पान आवाज न करता बाहेर आलं. रांगोळीच्या ठिपक्यांसारखी टिंबाटिंबांची अक्षरं. तीस वर्षांपूर्वीची, किंचित कडेला झुकलेली. शकीलाने “या अल्ला” म्हटलं आणि पानं माझ्या हातात दिली. सासूबाईंचं सगळं बोलणं पहिल्यांदाच कागदावर आलं होतं, आणि मी ते पहिल्यांदाच वाचत होते.

पाचव्या पानावर थबकले. ‘घरात मीठ न्आहे, पीठ न्आहे.’ चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेच. त्या बाईने यंत्राला ‘हाय’ बदलायला सांगितलं होतं. ‘न्हाय’च्या पोटातही ‘हाय’ असतो, हे तिने यंत्राला सांगितलं नव्हतं, कारण ते तिच्याच ध्यानात आलं नव्हतं. पुढे तर दिवाळीच होती. मेंढरं मेल्यावर माझ्या सासऱ्यांनी जी हाय खाल्ली होती, तिची ‘आहे खाल्ली’ झाली होती.

“बाई,” शकीला डोळे पुसत म्हणाली, “ही आहे खायला कशी लागते? तिखट की गोड?”

“चौदाव्या पानावर सांगते,” मी म्हटलं, कारण हसता हसता चौदावं पान हातात आलं होतं. आणि मग मी ते वाचत गेले.

त्या पानावर असं होतं: ‘वच्छीला सातवीफुडं शिकवायची व्हती. आहेस्कूल कुर्डुवाडीला, रोज रेल्वेनं जायाचं. म्या म्हनलं, पोरगी एकटी कशी जायाची. तवा ती दोन दिस जेवली न्आहे. मग लगीन केलं. आहेर लई आला, भांडी ठिवाय जागा न्हवती; पर आहेस्कूल ऱ्आहेलं ते ऱ्आहेलंच. अजून ती माझ्याकडं सरळ बघत न्आहे, आन् मला इचारायचं धाडस न्आहे.’

दुकानात कुणीतरी आधारकार्डाच्या दोन प्रती मागत होतं. बाहेर शनिवारची गर्दी वाढत होती. मी दुकानातल्या स्टुलावर बसून राहिले. हे सगळं सासूबाई माझ्या देखत बोलल्या होत्या, माझ्या बोटांनी ते लिहिलं होतं, आणि मला त्यातलं एक अक्षरही आठवत नव्हतं. मी त्या वेळी बहुधा ‘इचारायचं’ या शब्दाकडे बघत असेन. वन्संनी त्या दिवशी पानं हातात घेतली होती. आणखी दहा पानं पुढे त्यांची आई त्यांच्याशी बोलत बसलेली होती, जे ती तोंडाने कधी बोलू शकली नाही ते. पण दारातच माझी प्रस्तावना आडवी पडली होती, आणि ती ओलांडून जायला वन्संना मी जागाच ठेवली नव्हती.

मग एक गोष्ट लक्षात आली. सासूबाई जन्मात कधी ‘आहे’ म्हणाल्या नव्हत्या. त्या सगळ्या मजकुरात जिथे जिथे ‘आहे’ होता तिथे तिथे तो माझा होता. म्हणजे जिथे तो आहे, तिथेच खाली त्यांचा ‘हाय’ होता. रुसून मी उरलेले शब्द शुद्ध केले नव्हते, म्हणून ‘लई’ शाबूत होतं, ‘व्हतं’ शाबूत होतं. जखम एकाच शब्दाला झाली होती आणि टाके उसवता येत होते. मी शकीलाला बाजूला सारलं. ‘आहे’. त्याच्या जागी: ‘हाय’. सगळीकडे बदलू का, यंत्राने विचारलं, त्याच जुन्या, मख्ख नम्रतेने. या वेळी पापणी लवायच्या आत काम झालं. न्हाय, ऱ्हायलं, हायस्कूल. एकेक शब्द आपापल्या जागी येऊन बसला, दिवेलागणीला मेंढरं वाड्यात येतात तसा. आणि प्रस्तावनेचंही भलं झालं: ‘ग्रामीण संस्कृती ही आपल्या अस्मितेची अखंड वाहणारी गंगोत्री हाय.’ त्या वाक्यात तीस वर्षांत पहिल्यांदाच जीव आला. दुकान बंद व्हायची वेळ झाली होती. पुन्हा वाचून पाहायला सवड नव्हती. नव्याने छापलेले कागद पिशवीत घातले आणि घरी आले.

सकाळच्या गाडीने जेऊरला निघाले. कुर्डुवाडीच्या पुढे खिडकीतून येणारी हवा बदलते. हुरड्याला आलेल्या ज्वारीचा दुधाळ, कोवळा वास आणि कुठेतरी पेटवलेल्या गोवऱ्यांचा धूर. याच रुळांवरून एक मुलगी रोज शाळेला गेली असती, हा विचार दर स्टेशनाला माझ्या शेजारी येऊन बसत होता.

एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळून झालं, जेवणं उठली, आणि मांडवाच्या झिरमिळ्यांतून दुपारचं ऊन वन्संच्या पांढऱ्या केसांवर सांडत असताना मी पानं काढली. सुरुवात मुद्दाम गंगोत्रीपासून केली.

“ह्ये तुमचं हाय, वैनी,” वन्सं म्हणाल्या. “फुडं चला.”

पुढे गेले. मीठ न्हाय, पीठ न्हाय. माझा आवाज चौथीच्या वर्गातून केव्हा बाहेर पडला, मला कळलं नाही. ते शब्दच तसे होते, त्यांना आपापली चाल होती, तोंडाला ती धरावीच लागे. वन्संनी मान तिरकी केली, पाण्याचा आवाज कुठून येतो हे ऐकणाऱ्या माणसासारखी. त्यांचे ओठ माझ्याबरोबर, कधी माझ्याही आधी हलत होते. मी चौदाव्या पानाशी आले. सातवीफुडं शिकवायची व्हती. त्यांचे ओठ थांबले. दोन दिस जेवली न्हाय. मांडवात भांड्यांचा आवाज येत होता तोही कुणीतरी थांबवला. मग लगीन केलं, मी वाचलं, हायर लई आला...

“काय आला?” वन्संनी विचारलं.

“हायर,” मी म्हटलं, आणि पुन्हा पानाकडे पाहिलं. स्वच्छ छापलं होतं. हायर. क्षणभर मलाही अर्थ लागेना, आणि मग लागला: ‘आहेर’च्या पोटात ‘आहे’ असतो. ती बाई तीस वर्षांनंतरही तिथेच होती, आणि तशीच घाईत होती.

“अगं बया!” वन्सं म्हणाल्या, “माज्या लग्नात हायर सेकंडरी आली व्हती व्हय? आन् मला कुनी सांगितलं न्हाय!”

सगळा मांडव हसला. वन्सं सर्वांत जास्त हसल्या. पदर तोंडाला लावून, खांदे गदगदवून, मागे रेलून. ते हसणं ओसरत आलं, पदर तोंडावरून डोळ्यांकडे गेला, आणि त्यांनी हाताने मला खूण केली, वाच. मी वाचलं. भांडी ठिवाय जागा न्हवती. पर हायस्कूल ऱ्हायलं ते ऱ्हायलंच. अजून ती माझ्याकडं सरळ बघत न्हाय, आन् मला इचारायचं धाडस न्हाय.

दिव्यांच्या तेलाचा वास होता, विझलेल्या वातींचा.

“आणिक एकदा,” वन्सं म्हणाल्या.

मी आणखी एकदा वाचलं. मग त्यांनी हात पुढे केला, मी तो कागद त्यांच्या हातात दिला. डोळ्यांना दिसत नव्हतं, तरी त्यांनी ओळीखाली बोट धरलं, तसंच, तीस वर्षांपूर्वी धरलं होतं तसं, आणि पानाच्या शेवटापर्यंत नेलं. घडी घालून तो कमरेच्या पिशवीत ठेवला.

“ह्यो माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या. तुमी तुमच्यासाठी दुसरा छापा,” त्या म्हणाल्या, आणि मी पानं आवरू लागले तेव्हा पुन्हा, “वैनी, त्यो हायर खोडू नगा.”

सोलापूरला परत आले, पेटाऱ्यावर आच्छादन घातलं. सासूबाई आता शकीलाच्या दुकानातून, मी त्यांच्यासाठी घेतलेल्या नव्या संगणकावर राहायला आल्या आहेत, दोन सोंगांसकट. काल दुपारी माझ्यासाठी चौदावं पान छापायला बसले, तेव्हा त्या शब्दापाशी येऊन थांबले. एक कळ दाबली की दुरुस्त होईल. ती बाई शेजारी येऊन उभी राहिली, भांग सरळ, ओठ मुडपलेले. तिच्याने ते बघवेना. सासूबाईंच्या त्या सगळ्या बोलण्यात त्या बाईचा आणि माझा म्हणावा असा शब्द आता तेवढा एकच उरला आहे, आणि तो चुकलेला आहे. मी तिला म्हटलं, बस जरा. खिडकीतून उन्हाची तिरकी पट्टी टेबलावर उतरली होती. पांढरा प्रिंटर हवेतून ऐकत होता, आणि कागद, आवाज न करता, बाहेर येत होता.